मदत हवी आहे: दावा वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात, भाची कोकणात, मोफत वकील कोणत्या समितीकडून मिळेल?

नमस्कार. माझी भाची रत्नागिरी जिल्ह्यातील किनाऱ्यावरच्या एका गावात, आपल्या माहेरी, दोन लहान मुलांसह राहते. तिचा नवरा मुंबईत नोकरीला आहे. त्याने हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ खाली घटस्फोटाची याचिका वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात दाखल केली असून मुलांचा ताबाही मागितला आहे, आणि त्याचे समन्स नुकतेच आमच्या घरी पोहोचले आहे. याचिका संपूर्ण इंग्रजीत आहे. भाची हंगामात काजूच्या कारखान्यात काम करते आणि एरवी मिळेल ती मजुरी करते. प्रत्येक तारखेला मुंबईला जायचे म्हणजे रात्रीचा एसटीचा प्रवास, बुडालेली मजुरी आणि मुलांना कोणाकडे तरी ठेवण्याची विनवणी. खाजगी वकिलाची फी देणे तिला किंवा मला शक्य नाही. म्हणून विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मिळवण्याचा प्रयत्न करीत आहोत आणि त्यात काही ठिकाणी अडलो आहोत.

मी जेवढे वाचले आहे ते आधी मांडतो, म्हणजे उत्तर देणाऱ्यांचा वेळ वाचेल. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ मध्ये मोफत विधी साहाय्यास कोण पात्र आहे ते सांगितले आहे. त्यात स्त्रिया आणि बालके यांचा स्वतंत्र उल्लेख आहे, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती, कोठडीतील व्यक्ती यांचाही आहे, आणि उत्पन्नाची मर्यादा हा त्यांच्यापेक्षा वेगळा निकष आहे. म्हणजे स्त्रीला उत्पन्न कितीही असले तरी ती पात्र ठरते. पुरुष पक्षकारही उत्पन्न मर्यादेच्या आत असेल तर हा वकील मागू शकतो, आणि ते योग्यच आहे. असे असूनही आम्ही अर्ज घेऊन गेलो त्या कार्यालयात तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणल्याशिवाय अर्ज घेता येणार नाही असे सांगितले गेले. अशा वेळी कलम १२ चा उल्लेख करून अर्ज टपालाने पाठवावा, जिल्हा प्राधिकरणाच्या सचिवांना थेट भेटावे, की वाद न घालता दाखला काढून आणणेच शहाणपणाचे ठरेल?

दुसरी अडचण मला अधिक गंभीर वाटते. तालुका न्यायालयात तालुका विधी सेवा समिती आहे, पण तिच्या पॅनेलवरचे (म्हणजे समितीच्या यादीतले) वकील इथल्या न्यायालयांत काम करणारे आहेत. वांद्र्याच्या दाव्यात त्यांचा उपयोग काय? तिथे मुंबईच्या पॅनेलवरचाच वकील लागेल. मग इथे दिलेला अर्ज मुंबईकडे वर्ग होतो का, की भाचीने तिथेच नव्याने अर्ज करावा? आणि वकील नेमला गेल्यावर त्याच्याशी बोलणे, कागद देणे, प्रतिज्ञापत्रावर सही करणे हे सारे इथून कसे जमवावे? ज्यांनी कोकणात राहून मुंबईतला दावा विधी साहाय्यावर लढवला आहे त्यांनी आपला अनुभव अवश्य लिहावा.

त्यातच कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ चे कलम १३ वाचून मनात शंका आली. त्यानुसार कोणत्याही पक्षाला वकिलामार्फत बाजू मांडण्याचा हक्क नाही. न्यायालयाला गरज वाटल्यास ते कायदेतज्ज्ञाचे न्यायमित्र म्हणून साहाय्य घेऊ शकते. समेटाचे प्रयत्न आधी व्हावेत आणि दावा वकिलांच्या युक्तिवादात अडकू नये हा त्यामागचा हेतू समजतो. परंतु नवऱ्याने याचिका वकिलाकडूनच तयार करून घेतलेली दिसते, आणि समुपदेशकासमोर भाची एकटी बसणार आहे. विधी सेवा समितीने नेमलेल्या वकिलाला वकीलपत्राबरोबर परवानगीचा वेगळा अर्ज द्यावा लागतो का? तो नाकारला गेल्याचे कोणी पाहिले आहे का?

पैशांबाबतही स्पष्टता हवी आहे. पॅनेलवरील वकिलाचे मानधन विधी सेवा निधीतून दिले जाते आणि त्याने पक्षकाराकडून काहीही घ्यायचे नसते, हे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांत आहे. तरीही ओळखीच्या एका बाईंकडे टायपिंग आणि झेरॉक्सच्या नावाखाली वारंवार पैसे मागितले गेले, आणि वकील सोडून जाईल या भीतीने त्यांनी ते दिले. अशी मागणी झाल्यास तक्रार कोठे करावी, आणि तक्रार केल्यावर वकील बदलून मिळतो का? मला स्वतःला असे वाटते की हा दोष एकेका वकिलाचा नसून रचनेचाही आहे. फौजदारी खटल्यांतील आरोपींसाठी २०२२ पासून पूर्णवेळ पगारी बचाव वकिलांची व्यवस्था सुरू झाली, ही चांगली गोष्ट आहे. पण जिला आपली मुले गमावण्याची भीती आहे त्या आईसाठी अजूनही दर प्रकरणामागे तुटपुंज्या मानधनावर काम करणारा वकीलच आहे. तिलाही तसाच पूर्णवेळ वकील मिळायला हवा, असे मला मनापासून वाटते.

आता दाव्याविषयी. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली अंतरिम पोटगी आणि दाव्याचा खर्च मागता येतो. वकील मोफत मिळाला आहे म्हणून न्यायालय खर्चाची मागणी फेटाळते का? प्रवासखर्च तरी त्यात मिळतो का? शिवाय कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालील अर्ज, तसेच भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खालील पोटगीचा अर्ज (पूर्वीचे कलम १२५) ती राहते तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करता येतो, आणि त्यासाठी तालुका समितीचा वकील उपयोगी पडेल. हे अर्ज आधी करावेत की मुंबईत म्हणणे दाखल केल्यानंतर?

दावा रत्नागिरीला वर्ग करून घेण्याचा सल्लाही काहींनी दिला. त्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागेल. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) सुरू झाले असून आमचा जिल्हा त्याच्या कक्षेत आहे. मात्र दावा मुंबईत प्रलंबित आहे. मग हा अर्ज कोल्हापूरला करायचा की मुंबईला? आंबा घाट चढून कोल्हापूरला जाणे आम्हाला त्यातल्या त्यात सोयीचे आहे. तिथेही उच्च न्यायालयाच्या विधी सेवा समितीकडून वकील मिळतो का, हे कोणाला ठाऊक असल्यास सांगावे.

तारीख जवळ आली आहे आणि तोवर वकील नेमला जाईल असे दिसत नाही. ती गैरहजर राहिली तर दावा एकतर्फी चालेल, म्हणून मी तिला घेऊन जाणारच आहे. विधी साहाय्याचा अर्ज केल्याची पोच जोडून, मुदत मागणारा साधा मराठी अर्ज तिने स्वतःच्या सहीने दिला तर कुटुंब न्यायालयात तो स्वीकारला जातो का, आणि त्यात कोणकोणत्या गोष्टी लिहाव्यात, एवढे कृपया सर्वांत आधी कळवावे.