छातीत गाठी आहेत, भरतीला शर्ट काढावा लागणार. काय करू?

मातीतला२१ (प्रश्न)

नमस्कार. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. लांबलंय, पण वाचा.

वय २१, जत तालुका. उंची १७१, वजन ७८. पोलीस भरतीची तयारी करतोय. आठवीपासून माझ्या छातीत दोन्हीकडं बोंडीखाली गाठ आहे, डावी जरा मोठी. तेव्हा मी तालमीत जायचो. आमचा हौदा लहान, पण वस्ताद ताक, हळद, लिंबू, तेल घालून माती मनापासून करायचे. त्या मातीचा वास अजून नाकात आहे. लंगोट लावून उभं राहिलं की सगळं उघडंच. एकदा खडाखडीत (सरावाच्या झटापटीत) जोडीदारानं मुद्दाम छातीला धरलं. "ह्याला आता ब्लाऊज शिवा" असं कुणीतरी ओरडलं आणि सगळी पोरं हसली. त्या दिवसापासून तालीम सुटली. घरी सांगितलं, गुडघा दुखतोय. वस्ताद दोनदा घरी येऊन गेले, दोन्ही वेळा मी मागच्या दारानं रानात गेलो.

विहिरीत मुटका मारणं तेव्हाच बंद झालं. कॉलेजला लागल्यापासून चार इंची क्रेप बँडेज छातीला गुंडाळतो, वर बनियन, वर शर्ट. मे महिन्यात घामानं काखेखालचं कातडं सोलून पू झाला होता. ताईच्या हळदीला पोरं एकमेकांचे शर्ट फाडतात, म्हणून मी मंडपाचं सामान आणायला सांगलीला जातो म्हणालो आणि संध्याकाळीच परतलो. फोटोत मी कुठंच नाही. ताई अजून विचारते, तू होतास कुठं?

खूप व्यायाम केला. पोट उतरलं, दंड भरले, गाठी तशाच. मग जिममधला एक सीनियर म्हणाला, तुझ्यात पुरुषी हार्मोन कमी पडतंय, टेस्टोस्टेरॉनचा कोर्स कर. आठवड्याला एक अशी सहा इंजेक्शनं घेतली. अंग भरलं, पण गाठीही वाढल्या, आता शर्ट घासला तरी ठणकतं. पुरुषाचं हार्मोन घेऊन हे उलटं कसं काय झालं? आता तो म्हणतो, ह्यावर वेगळ्या गोळ्या असतात, आणून देतो. घ्याव्यात का?

आणि भरतीला छाती मोजताना शर्ट काढावाच लागतो का? मोजमापाची अडचण नाही, ८६ भरते, फुगवून ९२. अडचण त्या मिनिटाची आहे.

यंत्रमाग

भावा, गोळ्या घेऊ नकोस. आधी एवढंच.

मी इचलकरंजीचा, वय ३१. तुझं बँडेजचं वाचलं आणि हात आपोआप काखेकडं गेला. मी बँडेजऐवजी धाकट्या भावाचं घट्ट बनियन घालायचो, श्वास पुरा घेता यायचा नाही. २०१९ ला ऑपरेशन केलं. बोंडीभोवतीच्या काळसर कडेवर अर्ध्या चंद्रासारखा छेद घेतात, गाठ काढतात, बाजूची चरबी नळीनं ओढतात. सहा आठवडे दाबून बसणारं जाकीट रात्रंदिवस घातलं. तिथली कातडी बरेच महिने बधिर होती. आता व्रण शोधावा लागतो.

पण एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती, ती तुला सांगतो. छाती सपाट झाली तरी मी सहा-सात महिने खांदे पुढं घेऊन, पोक काढूनच चालत होतो. फोटो काढताना हात आपोआप छातीवर यायचे. आरशात मला जुनाच मी दिसायचा. एकदा आईनं मागून पाठीवर थाप मारली, "आता तरी सरळ चाल की रे". मी यंत्रमागाच्या आड जाऊन रडलो. डॉक्टरांनी मला पुढं मानसोपचारतज्ज्ञांकडं पाठवलं, चार-पाच वेळा गेलो. ऑपरेशनचा जेवढा उपयोग झाला, तेवढाच त्याचाही झाला. त्यामुळं ऑपरेशन झालं की सगळं मिटलं असं धरून चालू नकोस.

डॉ_फिजिशियन

मी एमडी मेडिसिन आहे. तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, पण तुम्ही विचारलेलं "उलटं कसं" हे सांगता येईल.

पुरुषाच्या शरीरातही इस्ट्रोजेन, म्हणजे स्त्री-हार्मोन, असतं. अॅरोमटेज नावाचं एन्झाइम, मुख्यतः चरबीत, टेस्टोस्टेरॉनचं रूपांतर इस्ट्राडायॉलमध्ये, म्हणजे एका प्रकारच्या इस्ट्रोजेनमध्ये, करतं. तुम्ही बाहेरून टेस्टोस्टेरॉन ओतलंत, त्यातला काही भाग इस्ट्राडायॉल झाला, आणि छातीतल्या ग्रंथीला वाढायला तेच हवं असतं. दुसरीकडे मेंदूला वाटलं, रक्तात भरपूर आहे. त्याने एलएच आणि एफएसएच हे वृषणांना काम सांगणारे हार्मोन कमी केले. त्यामुळे वृषणांचं स्वतःचं काम मंदावतं, शुक्राणू घटतात. इंजेक्शनं थांबवल्यावर बहुतेकांचं हे हळूहळू पूर्ववत होतं, पण त्याला महिने लागतात. मधल्या काळात मरगळ, उदासी, कामेच्छा कमी होणं, हे होऊ शकतं. तेव्हा घाबरून परत इंजेक्शन घेऊ नका.

मूळच्या गाठींबद्दल. तेरा-चौदाव्या वर्षी निम्म्याहून अधिक मुलांच्या छातीत कमीजास्त अशी गाठ येते. वयात येताना इस्ट्रोजेन आणि टेस्टोस्टेरॉनचा तोल काही काळ ढळतो, म्हणून. बहुतेकांची वर्ष-दोन वर्षांत विरते. काहींची राहते आणि तंतुमय, घट्ट होते. मग ती व्यायामाने जात नाही, औषधानेही फारशी नाही. ही चरबी नव्हे, ग्रंथी आहे. उताणं झोपून दोन बोटांनी दोन्ही बाजूंनी बोंडीकडे दाबत आणलं, तर ग्रंथी रबराच्या चकतीसारखी हाताला लागते. नुसती चरबी असेल तर मऊ लागते, मधे काही अडत नाही. तुम्ही वर्षानुवर्षं ग्रंथीला चरबी समजून घाम गाळलात. तुमच्या मेहनतीत काही कमी नव्हतं.

तरी कारण शोधायलाच हवं. थायरॉइड, यकृत, मूत्रपिंड आणि प्रोलॅक्टिन (दूध तयार करायला लावणारं हार्मोन) बघतात. वृषणं डॉक्टरांनी हाताने तपासलीच पाहिजेत, कारण क्वचित तिथली गाठ अशी प्रकट होते. वृषणं लहान आणि कडक असतील, दाढी विरळ असेल तर गुणसूत्रांची तपासणी करतात. काही पुरुषांत ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रं असतात, एक एक्स जास्तीचं. त्याला क्लाइनफेल्टर म्हणतात. अनेकांना ते मूल होत नाही म्हणून तपासण्या केल्यावरच कळतं. अॅसिडिटीच्या, मानसिक आजारांच्या, केस गळण्याच्या काही औषधांनीही छाती वाढते, त्यामुळे काय काय घेता ते सगळं सांगा.

टेस्टोस्टेरॉनसाठी रक्त सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी द्या. दुपारी ते खाली येतं. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर आधी लॅबला सांगा, त्याने हार्मोनचे आकडे चुकू शकतात. आणि इंजेक्शनांचं लपवू नका. लपवलंत तर तुमचा रिपोर्ट वाचणारा डॉक्टर भलत्याच आजाराच्या मागे लागेल.

त्या "वेगळ्या गोळ्या" बहुधा टॅमॉक्सिफेन, म्हणजे छातीतल्या ग्रंथीवर इस्ट्रोजेनचा परिणाम अडवणारं औषध, असतील. ते आम्हीही कधी कधी देतो, पण तपासून. ताज्या, दुखऱ्या गाठीला त्याचा उपयोग होतो, रक्ताच्या गुठळीचा धोकाही असतो. जिममध्ये चिठ्ठीविना मिळालेलं घेऊ नका. बोंडीतून रक्त आलं, एकाच बाजूला दगडासारखी गाठ लागली, किंवा वृषणात गाठ जाणवली, तर थांबू नका.

जतहून तुम्हाला मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ पडेल. मेडिसिन किंवा सर्जरीच्या ओपीडीत केसपेपर काढा.

खेळाचे सर

सातारा जिल्ह्यात २४ वर्षं शारीरिक शिक्षण शिकवतो. बाळ, तुझं तालमीचं वाचून रात्री झोप नीट लागली नाही.

मी कबड्डीला दोन संघ ओळखू यावेत म्हणून एका संघाला शर्ट काढायला लावायचो. सोपी रीत. आठवी-नववीची एक-दोन पोरं नेहमी "सर, पोटात दुखतंय" म्हणून कडेला बसायची, आणि मी त्यांना आळशी समजायचो. एकानं एकदा शर्ट काढायच्या वेळी चड्डीत लघवी केली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या आठवड्यात बाजारातून लाल कापड आणून पट्टे शिवून घेतले. आता पट्टा दंडाला. कडेला बसणारी पोरं खेळायला लागली.

भरतीचं सांगतो, दरवर्षी पोरं पाठवतो. छाती न फुगवता ७९ सेंमी, फुगवून ५ सेंमी वाढ लागते. तू त्यात आरामात बसतोस. शर्ट, बनियन काढावं लागतं. पण टेप लावणाऱ्यासमोर दिवसभरात शेकड्यांनी पोरं येतात. तो आकडा बघतो, मोठ्यानं सांगतो, पुढचा. गुण धावण्याला आणि गोळाफेकीला आहेत: १६०० मीटर २०, १०० मीटर १५, गोळा १५. बँडेज बांधून धावतोस का? मग श्वास कसा पुरेल तुला? ते आधी सोड.

मातीतला२१

पाच आठवड्यांनी लिहितोय. सगळ्यांचं वाचलं, सरांचं तर पुन्हा पुन्हा.

मिरजेला एकटा जायची हिंमत होईना. ताईला फोन केला आणि हळदीच्या दिवशी मी कुठं होतो तिथपासून सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी दाजी गाडी घेऊन दारात. ओपीडीत आत घेताना मी म्हटलं, तुम्ही बाहेर थांबा. ते थांबले.

डॉक्टरांनी दोन बोटांनी तसंच दाबून बघितलं. म्हणाले, ही ग्रंथी आहे. इंजेक्शनांचं सांगताना जीभ जड झाली, पण सांगितलं. रागावले नाहीत, तारखा लिहून घेतल्या. सोनोग्राफीत वृषणं ठीक. थायरॉइड, प्रोलॅक्टिन ठीक. एलएच, एफएसएच खाली आलेत, डॉ. साहेब म्हणाले होते तसंच. तीन महिन्यांनी परत रक्त. तोवर ऑपरेशनची तारीख देणार नाही म्हणाले. मरगळ आहे, हे खरं. सकाळी उठवत नाही. पण ती येणार हे आधी माहीत असल्यामुळं इंजेक्शनाकडं वळलो नाही. सीनियरनं आणलेल्या गोळ्या परत दिल्या.

एक विचारायचंय. ऑपरेशननंतर गोळाफेक कधी चालू करता येते?

यंत्रमाग

मला सहा आठवडे जड काही उचलू दिलं नव्हतं. चालणं मात्र दोन-तीन दिवसांतच. गोळाफेकीचं तुझ्या सर्जनलाच विचार, आणि मैदानाच्या तारखेच्या तोंडावर ऑपरेशन धरू नकोस.

मातीतला२१

मग भरतीनंतरच करतो. आज पहाटे बँडेजशिवाय, एका बनियनवर १६०० धावलो. ५ मिनिटं ४१ सेकंद, आधी ६ च्या खाली येत नव्हतो. काखेखालची जखम वाळत आलीय.