मदत हवी आहे : घडीव कुऱ्हाडीला नवा दांडा आणि पॉलिश

नमस्कार मंडळी. अंबाजोगाईकडं आमच्या गावात घिसाड्यांचा तळ पडला होता, तेव्हा एक कुऱ्हाड घडवून घेतली. ट्रकच्या जुन्या कमान-पाट्याचं (स्प्रिंगच्या पट्टीचं) पोलाद, पाणी (तापवून-विझवून आणलेला कडकपणा) फक्कड बसलंय. वाळली बाभळ फोडली तरी धार मुडपत नाही. दांडा मात्र निलगिरीचा, आत्ताच उलायला लागलाय.

वडील म्हणतात, धावड्याचाच घाल, झटका सोसतो. पण इकडं धावडा शोधायचा कुठं? बाभळ बांधावरच आहे. तोडल्यावर सावलीत किती दिवस वाळवावी? ओल्या लाकडाचा दांडा पुढं आटतो, नेढ्यात (दांडा बसतो त्या भोकात) डुगडुगतो, मग बसा पाचरी ठोकत. आणि पाचर लाकडी बरी की लोखंडी?

दुसरं पात्याचं. घणाच्या ठोक्यांची काळी कातडी तशीच ठेवून धारेकडची दोन बोटंच चकचकीत करायची आहेत. गावातला वेल्डिंगवाला ग्राइंडर मारून देतो म्हणतो, ते नको. धार तापून निळी पडली की पाणी उतरलंच समजा. कानस आणि पॉलिश पेपरनं हातानंच करणार. ४०० नंबरवर थांबावं का पुढं जावं?

दांड्याला जवसाचं तेल लावीन, व्हार्निशवर घामेजला हात सटकतो. घाण्याचं कच्चं तेल नीट वाळतं का, का उकळलेलंच आणू? (तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून ठेवू नका बरं, आपोआप पेटतो.)

लातूर-परभणीकडं धावड्याचा तयार दांडा मिळत असेल तर तेही सांगा.