मदत हवी आहे: प्लेराइटमध्ये वर्कर वाढवले की टेस्ट फेल होतायत

मंडळी, सांगलीत हळदीच्या अडत्यांसाठी बिलिंगची साइट करतोय, तिच्या टेस्ट प्लेराइटवर (ब्राउझर आपोआप चालवून साइट तपासणारं टूल) आहेत. वर्कर (एकाच वेळी टेस्ट चालवणाऱ्या प्रोसेस) १ ठेवला की सगळ्या पास होतात पण ४० मिनिटं जातात, ४ केले की दरवेळी वेगळ्याच पाच-सहा फेल, आणि ट्रेस (टेस्टच्या प्रत्येक पायरीची नोंद) उघडून बघितला तर मधेच लॉगिनचं पान आलेलं दिसतंय. टाइमआउट ३० चा ६० सेकंद केला, रिट्राय, म्हणजे फेल टेस्ट पुन्हा चालवणं, २ दिले, फरक नाही (रिट्रायनं चूक नुसती झाकली जाते असं माझं मत). स्टोरेज स्टेटची (लॉगिन झाल्यावरच्या कुकीज वगैरे साठवलेली) एकच फाइल सगळे वर्कर वापरतात आणि लॉगआउटची टेस्टपण त्याच युजरवर चालते, संशय तिथंच आहे. मशीन ८ जीबीचं, नवीन मिळणार नाही, टेस्ट युजर मात्र हवे तेवढे बनवता येतील. तर पॅरलल इंडेक्सवरून (वर्करचा क्रमांक) प्रत्येक वर्करला वेगळा युजर द्यायचा, का फक्त लॉगआउटची टेस्ट वेगळ्या युजरवर नेली तरी भागेल?