कॉम्प्युटेशनल केमिस्ट्रीची समर इंटर्नशिप, खेड्यातून जमते का?

दर्यापूरचा_पोट्टा:
एमएस्सी केमिस्ट्री फर्स्ट इयरले आहो, कॉलेज तालुक्याले. उन्हाळ्यात कॉम्प्युटेशनलमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर अणू-रेणूंचं गणित करायच्या केमिस्ट्रीत, इंटर्नशिप करायची हाय पण कॉलेजात सॉफ्टवेअर सोडा, कॉम्प्युटर लॅबची चावी कोणाजवळ असते तेच माहीत नाही. लॅपटॉप ४ जीबीचा, दुपारी लाइन जाते. ४० प्राध्यापकांना मेल टाकले, एकाचंही उत्तर नाही. एक ऑनलाइनवाले म्हणतात ३५०० भरा, सर्टिफिकेट घ्या. भरू का?

वणीची_ताई:
भरू नको रे बाप्पा! मी भरले होते, जुने व्हिडिओ भेटले आन् सर्टिफिकेटवर आडनावच चुकलं. ते ४० मेल एकच मजकूर कॉपी करून टाकले असशील न, खरं सांग?

दर्यापूरचा_पोट्टा:
हो ताई 😅 एकात तर सरचं नाव बदलायचंच राहून गेलं.

मटेरियलवाला_दादा:
पीएचडी करून रायलो याच विषयात, म्हणून सांगतो. आधी तीन अकादम्यांची समर फेलोशिप पाय, म्हणजे बंगळूरची भारतीय विज्ञान अकादमी, दिल्लीची इन्सा आन् प्रयागराजची नासी, ह्या पण विज्ञान अकादम्याच. दोन महिने काम, स्टायपेंड भेटते, पण फॉर्म हिवाळ्यातच बंद होतो आन् आपले पोट्टे जागे होतात मार्चमध्ये! शिफारसपत्र लागते, सरांना दिवाळीआधीच सांगून ठेव, माझ्या सरांनी शेवटच्या रात्री दिलं तवा जीव टांगणीला लागला होता. बंगळूरच्या जेएनसीएएसआर ह्या संशोधन संस्थेची पण समर फेलोशिप आहे.

आता मेलचं. त्यात 'मला आवड आहे' लिहून काही होत नाही, काहीतरी करून दाखव. क्वांटम एस्प्रेसो हे स्फटिकांचं गणित करणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, उबंटूवर टाक आन् सिलिकॉनचं गणित चालव. सर्वात लहान युनिट सेलमध्ये, म्हणजे स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यात, दोनच अणू, ४ जीबीवर पण काही मिनिटात होते, लाइन जायच्या आत. पीबीई (इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेचं एक अंदाजी सूत्र) वापरलं तर लॅटिस, म्हणजे स्फटिकातल्या घनाची बाजू, येते ५.४७ अँगस्ट्रॉमच्या जवळ, प्रयोगात मोजलेली खरी ५.४३, म्हणजे ठीक. पण बँड गॅप (इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला लागणारी कमीत कमी ऊर्जा) येते ०.६ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास आन् खरी आहे १.१. घाबरू नको, तुझी चूक नाही, पीबीई गॅप कमीच दाखवते. असं का होते ते वाचून चार ओळी मेलमध्ये लिही, सरले कळते की पोरगं नुसतं बटन दाबून नाही रायलं. आन् हो, पेनड्राइव्हवर फिरते ते गॉसियन नावाच्या विकतच्या सॉफ्टवेअरचं क्रॅक वापरून मेलमध्ये बढाई मारू नको. मॉलिक्यूलचं गणित करायचं असेल तर ऑर्का सॉफ्टवेअर घे, शिकणाऱ्यांना फुकट आहे.

दर्यापूरचा_पोट्टा:
दादा, झालं! इन्स्टॉल करताना तीनदा एरर आला, शेवटी स्यूडोपोटेन्शियलच्या (अणूची माहिती देणाऱ्या) फाइलचा पत्ताच चुकीचा होता. रात्री लाइन आली तवा चालवलं, गॅप ०.६२. आई म्हणे कशाचे आकडे पाहून रायला रे, तुरीचे भाव आहेत का?

मटेरियलवाला_दादा:
😂 के-पॉइंट, म्हणजे गणित ज्या जाळीवर होते तिचे बिंदू, किती घेतले? चार-चार-चार असतील तर आठ-आठ-आठ करून पाय. एनर्जी हलली तर पहिला आकडा सोडून दे. जाळी वाढवूनही एनर्जी हलायची थांबली की के-पॉइंट आन् एनर्जीचा ग्राफ मेलले जोड.