मदत हवी आहे: २४ मिनिटांच्या मुलाखतीत आवाज हळूहळू ओठांच्या मागे पडतोय

टिपकागद

एका मुलाखतीचं एडिटिंग अडलंय आणि बातमी आज संध्याकाळी लावायची आहे. व्हिडिओ फोनवर, १०८०पी, ३० एफपीएस (सेकंदाला ३० फ्रेम). आवाज कॉलर माइकवरून वेगळ्या रेकॉर्डरवर, वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्‌झ. सुरुवातीची टाळी (चित्र-आवाज जुळवायला वाजवलेली) जुळवली की पहिली काही मिनिटं सगळं चोख. दहाव्या मिनिटापासून खटकायला लागतं आणि शेवटाकडे ओठ मिटल्यावर शब्द ऐकू येतो, फरक जवळजवळ एक सेकंद. ऑडिओ ट्रॅक सरकवून शेवट जुळवला तर सुरुवात बिघडते. एडिटिंगचं सॉफ्टवेअर रिझॉल्व्ह, मोफत आवृत्ती, टाइमलाइन ३० एफपीएसची. आठ-दहा कट मारून झालेत. रेकॉर्डरमध्ये दोष आहे का? आणि झालेलं काम वाचेल का?

ध्वनिलहर

रेकॉर्डरवर इतक्यात ठपका ठेवू नका. फोनच्या माइकचा आवाज म्यूट केला असेल तर तो चालू करा, रेकॉर्डरचा बंद करा आणि २३ व्या मिनिटाला एखादा 'प', 'ब' किंवा 'म' शोधा. या अक्षरांना ओठ पूर्ण मिटतात, त्यामुळे एकेक फ्रेम पुढे नेत गेलं की फरक नेमका दिसतो.

फोनचा स्वतःचा आवाजही फोनच्याच चित्रापासून सुटलेला असेल तर गडबड व्हिडिओ फाइलमध्ये आहे. तो जुळलेला असेल आणि फक्त रेकॉर्डरचा मागे पडत असेल, तर दोन यंत्रांची घड्याळं वेगळ्या गतीने चालली आहेत. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, म्हणून हे आधी ठरवा.

तुमचा एक सेकंदाचा आकडा मात्र पहिल्या कारणाकडे बोट दाखवतो. घड्याळांमध्ये ५० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत ५० इतका फरक धरला तरी १४४० सेकंदांत ०.०७२ सेकंद होतात, म्हणजे ३० एफपीएसला जेमतेम दोन फ्रेम.

टिपकागद

पाहिलं. फोनचा आवाजही सुटलाय, आणि तितकाच. मीडियाइन्फोमध्ये (फाइलची तांत्रिक माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) फ्रेम रेट मोडसमोर 'व्हेरिएबल', म्हणजे बदलता, लिहिलंय, सरासरी २९.९८.

चौकटराजा

मग निदान झालं. फोन दर सेकंदाला मोजून ३० फ्रेम घेत नाही. उजेड कमी झाला, फोन तापला किंवा प्रोसेसरवर ताण आला की फ्रेममधलं अंतर कमी-जास्त होतं, आणि प्रत्येक फ्रेम कोणत्या क्षणाची आहे याची नोंद फाइलमध्ये राहते. प्लेअर ती नोंद वाचतो, म्हणून फोनवर सगळं जुळलेलं दिसतं. एडिटरने नोंद बाजूला ठेवून फ्रेम नुसत्या ३० च्या हिशेबाने मांडल्या की गणित चुकतं. १४४० सेकंद गुणिले २९.९८ म्हणजे सुमारे ४३,१७१ फ्रेम. त्या ३० ने चालवल्या की १४३९.०४ सेकंदांत संपतात. चित्र ०.९६ सेकंद आधी संपतं, तोच तुमचा एक सेकंद.

म्हणूनच ऑडिओचा वेग वाढवून हे दुरुस्त करू नका. घसरण एकसारखी नसते. दोन्ही टोकं जुळतील आणि मधली दहा मिनिटं तरंगत राहतील.

मूळ फाइल हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. व्हिडिओ टॅबमध्ये एच.२६४ हा फॉरमॅट, फ्रेम रेट ३० आणि त्याच्या खाली 'कॉन्स्टंट', म्हणजे एकसारखा. बहुतेकांची चूक इथेच होते: ३० निवडतात पण खालचा पर्याय 'पीक' वरच राहतो, आणि नवी फाइलही व्हेरिएबलच निघते. क्वालिटी आरएफ १६ ते १८ (आकडा जितका लहान तितका दर्जा चांगला). फाइल मोठी होईल, होऊ द्या, तिच्यावरून पुन्हा एक्स्पोर्ट करायचं आहे. डायमेन्शन्समध्ये क्रॉपिंग 'नन' करा, नाहीतर गडद कडा असलेल्या फ्रेमची कड आपोआप कापली जाऊ शकते. ऑडिओ ट्रॅक ठेवाच, रेकॉर्डरशी सिंक करायला तोच लागतो.

नवी फाइल मीडियाइन्फोमध्ये तपासा. मोड 'कॉन्स्टंट' हवा आणि लांबी मूळ फाइलइतकीच.

कटांबद्दल: रिझॉल्व्हच्या मीडिया पूलमध्ये (क्लिपच्या यादीत) क्लिपवर राइट क्लिक करून 'रिप्लेस सिलेक्टेड क्लिप' वापरा. कट वाचतील, पण जागचे थोडे हलतील. नव्या फाइलमध्ये फ्रेम आपल्या खऱ्या वेळेला आलेल्या असतात, त्यामुळे पाचव्या मिनिटाचा कट पाच-सहा फ्रेमने आणि विसाव्याचा वीस-पंचवीस फ्रेमने चुकेल. प्रत्येक कट ऐकून पुढे जा. मुलाखतीत एवढ्या फ्रेममध्ये 'नाही' हा शब्द गळू शकतो आणि वाक्याचा अर्थच उलटतो.

(प्रीमिअर हे एडिटिंग सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी: मूळ क्लिप सोर्स मॉनिटरमध्ये उघडली की इफेक्ट कंट्रोल्समध्ये 'प्रिझर्व्ह ऑडिओ सिंक' आहे. लांबलचक मुलाखतीला तरीही कॉन्स्टंट फाइलच भरवशाची.)

टिपकागद

खूप आभार! रूपांतर केलं, 'पीक' मध्येच अडकणार होते. फोनचा आवाज आता शेवटपर्यंत जुळतो. रेकॉर्डरचा मात्र शेवटी दोन फ्रेम मागे आहे.

ध्वनिलहर

ही ती घड्याळांची घसरण. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या बीटी.१३५९ शिफारशीनुसार आवाज सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे गेला की प्रेक्षकाला जाणवतो, मागे पडला तर सुमारे १२५ पर्यंत जाणवत नाही. तुमचे दोन फ्रेम ६७ मिलिसेकंद होतात, म्हणजे मर्यादेत आहेत. मुलाखत पूर्ण लांबीची दाखवणार असाल तरच हात लावा. आठव्या आणि सोळाव्या मिनिटाच्या आसपास, प्रश्न संपून उत्तर सुरू होण्याआधीच्या शांततेत ऑडिओ कापा आणि पुढचा सगळा भाग एकेक फ्रेम डावीकडे घ्या. जोडावर दोन फ्रेमचा क्रॉसफेड (एक आवाज विरत दुसरा चढणं) द्या, खाली खोलीतली नुसती शांतता पसरून ठेवा. बोलण्याच्या मध्ये कापू नका, श्वास तुटलेला लगेच कळतो.

एक्स्पोर्टआधी लाउडनेस, म्हणजे आवाजाची सरासरी पातळी, बघा. यूट्यूब −१४ लफ्सला (लाउडनेसचं एकक) नॉर्मलाइझ करतं, तिथे −१६ ते −१४ ठेवा. ईबीयू आर १२८ हे युरोपीय प्रसारकांचं मानक मागणाऱ्या वाहिनीला −२३ द्यावे लागतात. ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं खरं सर्वोच्च टोक, −१ डीबीच्या वर जाऊ देऊ नका.

चौकटराजा

पुढच्या शूटसाठी: आयफोन असेल तर 'रेकॉर्ड व्हिडिओ' मध्ये 'ऑटो एफपीएस' बंद आणि एचडीआर बंद. एचडीआर (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला टिपणारं) फुटेज रेक.७०९ या साध्या रंगमानकाच्या टाइमलाइनवर टाकलं की चेहरे पांढरेफटक दिसतात. फ्रेम रेट लॉक करणारं कॅमेरा अ‍ॅप घेतलंत तर फरक बराच कमी होतो. ५० हर्ट्‌झच्या दिव्यांखाली शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, १/६० ला पट्टे फिरतात. टाळी शेवटीही वाजवा, घसरण किती झाली ते दोन मिनिटांत मोजता येतं. फोन एअरप्लेन मोडवर ठेवा.

दुसऱ्याकडून क्लिप मागवताना व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. व्हिडिओ म्हणून आली तर ती दाबली जाते.

आणि हँडब्रेकची फाइल आली म्हणून मूळ फाइल पुसू नका. चित्रीकरणाची वेळ, ठिकाण आणि उपकरणाच्या नोंदी मूळ फाइलमध्ये असतात, रूपांतरात त्यातल्या बऱ्याच गळतात. उद्या कोणी 'मी असं बोललोच नाही' म्हटलं तर दाखवायला तीच लागेल. कार्डावरची एक प्रत आणि वेगळ्या डिस्कवर दुसरी, दोन्ही नावं न बदलता ठेवा.