मदत हवी आहे: पाच घरकुलं, तीन मिस्त्री, त्यात कापूस वेचणी. गँग कशी फिरवावी?

नमस्कार राजेहो, दारव्ह्याकडे (जि. यवतमाळ) माझा बांधकामाचा लहान ठेका आहे. सध्या पाच घरकुलं हातात आहेत, सगळी २५ चौरस मीटरच्या आसपासची, तिघांचा स्लॅब अन् दोघांचं टिन. मिस्त्री तीन पक्के आहेत पण सोयाबीनची सोंगणी आटोपून वेचणी लागली अन् रेजा (हाताखालच्या बाया) वावरात गेल्या, वेचणीत किलोवर पैसे भेटतात तर त्यांनी काहून थांबावं.

नऊ इंची भिंतीवर एका मिस्त्रीमागे दोन माणसं पाह्यजेच, एक मसाला कालवायला एक विटा द्यायला, तेव्हा कुठं दिवसाचं सव्वा घनमीटर काम निघते. आता मिळून तीन-चारच माणसं येऊन राहिली. दोरी बांधलेली, ओळंबा लावलेला अन् मिस्त्री थापी घेऊन घमेल्याची वाट पाहत उभा, त्याची हजेरी मात्र पूर्ण लागते. अन् प्रत्येक घरमालक म्हणते माझ्याकडे रोज माणूस दिसला पाह्यजे. त्यांचंही खरं आहे, सरकारी मूळ अनुदान १ लाख २० हजार, तेही टप्प्याटप्प्यानं, काम वर गेल्याचा फोटो चढला की पुढचा हप्ता, अन् तो आला की माझे पैसे.

एका दिवसात भिंत मीटरभराच्या वर चढवत नाही आपण. पूर्ण गँग एका घरावर लावली तर दोन दिवसांत मीटरभराचा थर होऊन जाते, मग तिथं पाणी मारणं घरमालकाकडे अन् गँग दुसऱ्या घरी. पण पाचही घरं अशी फिरवली तर तिन्ही स्लॅब एकाच वेळी येतील, सेंट्रिंगवाल्याकडे स्लॅबखाली लावायच्या प्लेटा एकाच घराच्या आहेत अन् खोल्या लहान असल्या तरी टेकू कमीत कमी सात दिवस काढता येत नाही. एकेक घर पूर्ण करतो म्हटलं तर प्लेटांचा प्रश्न मिटते, पण भिंत पाणी खाऊन राहिली तोवर मिस्त्री रिकामे.

म्हणून जोडी लावायचा विचार करून राहिलो, एक स्लॅबचं एक टिनाचं, अशा दोन जोड्या, पाचवं घर शेवटी. पहिल्या जोडीच्या भिंती वाळल्या की मधल्या दिवसांत तिथला प्लास्टर करून घ्यायचा. कोणी असं केलं आहे का? प्लास्टरवरून परत जुडाईवर (विटांच्या कामावर) आणलं तर मिस्त्री कुरकुर करतात का? अन् तिसऱ्या मिस्त्रीचं काय करू, माणसं दोघांपुरतीच आहेत, सुट्टी दिली तर तो नागपूरला जाईल अन् उन्हाळ्याआधी काही परत येत नाही. त्याला चौकटी बसवणं अन् किरकोळ कामात उक्तं देऊन ठेवलं तर परवडते का?

रेजांचा चुकारा बाजाराच्या दिवशी करतो मी, रोजच्या रोज दिला तर काही जणी टिकतील असं घरचे म्हणतात. मसाल्यासाठी लहान मिक्सर भाड्यानं घेतलेला कोणी असेल तर सांगा भाऊ, त्यानं खरंच एक माणूस कमी लागते का? सोमवारी पहिली जोडी सुरू करायची आहे.