शेवटचा शब्द कोणाचा: मतदारांचा की न्यायाधीशांचा?

चावडीकर
"न्यायाधीशांना निवडून कोणी दिलंय?" हे हल्ली उठसूट ऐकू येतं. त्यावर एक प्रसंग सांगतो.

स्वित्झर्लंडमधलं आपेंझेल इनररोडेन हे चिमुकलं कँटन, म्हणजे तिथलं घटकराज्य. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी मतदार चौकात जमतात आणि हात वर करून निर्णय घेतात. पुरुषांच्या कमरेला तलवार, तोच मताधिकाराचा पुरावा. याहून अस्सल लोकशाही कुठे दाखवा! आणि याच चौकाने १९९० साली (छपाईची चूक नाही) बायकांना मताधिकार पुन्हा एकदा नाकारला. देशाच्या निवडणुकांत तो १९७१ पासून होता, कँटनच्या कारभारात नाही. अखेर त्याच नोव्हेंबरात संघीय न्यायालयाने चौकाचा निर्णय मोडीत काढला.

म्हणून माझं मत: मूलभूत हक्कांबाबत शेवटचा शब्द न्यायालयाचाच हवा.

मतपेटी
साफ असहमत. अमेरिकेतला १८५७ चा ड्रेड स्कॉट निकाल आठवा. स्कॉट हा गुलाम, स्वातंत्र्य मागायला न्यायालयात गेलेला. कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही, असं न्यायाधीशांनी सात विरुद्ध दोनने ठरवलं. ते पुसायला यादवी युद्ध आणि १८६८ ची चौदावी घटनादुरुस्ती लागली. संसदेने माती खाल्ली तर पुढच्या निवडणुकीत तिला घरी बसवता येतं. न्यायालयाने घटनेचा चुकीचा अर्थ लावला तर? तिथे घटना बदलायची म्हणजे दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश आणि वर तीन चतुर्थांश राज्यं. बसा वाट बघत.

तिरकी रेघ
चावडीकर, तुमचा प्रसंग अर्धाच सांगितलात. १९९० मध्ये न्यायालयाने आधार घेतला तो राज्यघटनेतल्या समानतेच्या कलमाचा. ते कलम आलं कुठून? १९८१ च्या सार्वमतातून! म्हणजे देशभरच्या मतदारांनी दिलेला शब्द न्यायालयाने एका कँटनकडून पाळून घेतला, एवढंच. शिवाय याच न्यायालयाला संघीय संसदेचा कायदा, घटनेशी विसंगत असला तरी, लागू करावाच लागतो. उलट ५०,००० सह्या १०० दिवसांत जमल्या की मतदार तो कायदा सार्वमताला खेचू शकतात. बोला, शेवटचा शब्द कोणाचा?

चावडीकर
१९८१ चा मुद्दा मान्य, माझ्याकडून निसटला. पण मग १९५९ चं सार्वमतही धरा. तेव्हा सुमारे ६७ टक्के मतं बायकांच्या मताधिकाराविरुद्ध पडली. मतदार अर्थात सगळे पुरुष! ज्यांचा हक्क ठरायचा होता त्यांनाच मत नव्हतं, त्याला 'लोकांचा शब्द' म्हणायचं?

अधलीमधली
कॅनडाची तोड कोणी काढली नाही अजून. १९८२ च्या हक्कांच्या सनदेत कलम ३३ आहे. काही हक्कांपुरतं कायदेमंडळ 'सनद आड आली तरी हा कायदा चालेल' असं उघडपणे लिहून न्यायालयाला बाजूला ठेवू शकतं. मुदत पाच वर्षं, म्हणजे मधे निवडणूक होतेच. मतदानाचा हक्क मात्र या कलमाच्या कक्षेबाहेर. मला हा सौदा बरा वाटतो. हक्क डावलायचाच असेल तर सही करून डावला.

चावडीकर
मुदत संपली की पुन्हा पाच वर्षं, कितीही वेळा. कॅनडाच्याच क्युबेक प्रांताने २०१९ च्या कायद्यात हेच कलम वापरलं; सरकारी शाळांतल्या शिक्षकांसारख्यांना कामावर धार्मिक चिन्हं घालायला बंदी करणारा तो कायदा. डोक्यावर रुमाल बांधणारी शिक्षिका अल्पसंख्य, तिच्या मताने सरकार पडत नाही. तिला निवडणुकीचा काय उपयोग?

मतपेटी
आणि ड्रेड स्कॉटला न्यायालयाचा काय उपयोग झाला? दार ठोठावलं होतंच की त्याने.

अधलीमधली
म्हणूनच मतदानाचा हक्क त्या कलमाबाहेर ठेवलाय. बाकी सगळ्यावर भांडा, पण भांडणाऱ्यांच्या यादीतून कोणाचं नाव खोडायचं नाही. आपेंझेलच्या चौकात नेमकं तेच झालं होतं. निर्णय बायकांचा आणि हात फक्त तलवारवाल्यांचे.